शेतकऱ्याचें ताट : पैसा, प्रकृति व न्याय यांचा मेळ

शेतांत काय पेरावें याचा विचार आपण मृगापूर्वीं महिनाभर करितों, शेजाऱ्याचा सल्ला घेतों, बाजारभावाचा अंदाज बांधतों आणि मग तिफण धरितों. ताटांत काय यावें याचा विचार मात्र बहुतेक घरांत कोणी करीतच नाहीं. दुकानांत जें मिळेल, हातांत जितका पैसा असेल आणि मुलांच्या जिभेस जें रुचेल, त्यावर तो प्रश्न आपोआप सुटतो. वास्तविक हे दोन विषय निरनिराळे नव्हेत. ज्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन आहे, त्याच्या ताटाचा निकाल पुष्कळ अंशीं पेरणीच्या दिवशींच लागतो. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांनीं आपल्या रोजच्या अन्नाची निवड करितांना पैसा, प्रकृति आणि न्याय या तिहींचा मेळ कसा घालावा, याचा हिशेब या लेखांत मांडावयाचा आहे.

पूर्वींचें ताट व आजचें ताट

हैदराबाद संस्थानाच्या अमलांतहि या भागाचें मुख्य अन्न ज्वारी हेंच होतें. तिच्या जोडीस तुरीचें वरण, करडईचें तेल, अंबाडीची किंवा कोवळ्या करडईची भाजी, जवसाची अगर कारळाची चटणी आणि ताक. हें ताट कोणी ग्रंथ वाचून ठरविलें नव्हतें. काळ्या जमिनींत पावसावर व मागाहून राहिलेल्या ओलीवर जें पिके तेंच घरांत येई. १९७२ सालच्या दुष्काळांत घरोघरचीं पेवें रिकामीं झालीं, तेव्हां परदेशांतून आलेली तांबडी मिलो आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी यांवर लोकांनीं दिवस काढिले. पुढें स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहूं व तांदूळ नियमानें येऊं लागले. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस दर माणशीं दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०१५ सालीं मराठवाड्यासह १४ आपद्ग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना २ रुपये किलोनें गहूं व ३ रुपये किलोनें तांदूळ देण्यास आरंभ झाला, आणि २०२३ सालीं त्या धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये रोख देण्याचें ठरलें.

याच काळांत शेतांतहि पालट झाला. १९९० नंतर सोयाबीन हळूहळू पसरत गेलें व आज तें या दोन्ही जिल्ह्यांतील खरिपाचें मुख्य पीक होऊन बसलें आहे. करडई मागें पडली, ज्वारीचें क्षेत्र आकसलें. यांत शेतकऱ्याचा आळस पाहणें अन्यायाचें होईल. ज्वारीची काढणी, कणसें खुडणें व कडबा बांधणें यांस मजूर मिळत नाहींत. शिवारांत एकाच्याच शेतांत ज्वारी उभी असली कीं सारीं पाखरें तेथेंच उतरतात. करडई काटेरी, तिच्या काढणीस माणूस नाखूष. सोयाबीन मात्र साडेतीन महिन्यांत रोख पैसा हातांत देतें. परिणाम असा झाला कीं आपण सोयाबीन आडतीवर घालून तेलाचा डबा घरीं आणतों, माघ-फाल्गुनांत तूर विकून आषाढांत डाळ विकत घेतों, आणि पिकविणाऱ्याच्याच घरीं ताट दुकानदाराच्या हातीं गेलें आहे. तें सर्वस्वी परत आणणें शक्य नाहीं व आवश्यकहि नाहीं. कोणता भाग परत आणावा, हाच खरा प्रश्न आहे.

प्रकृतीचें पारडें

ज्वारीविषयीं अलीकडे फार स्तुति ऐकूं येते. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हांपासून शहरांतील लोकहि भाकरी मागूं लागले आहेत. स्तुति असो, आंकडे पाहूं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असतें. तितक्याच पांढऱ्या सडीक तांदळांत प्रथिनें ८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅमांहून कमी आणि लोह पाऊण मिलिग्रॅमहि भरत नाहीं. परंतु कोंडा न काढलेल्या गव्हाच्या कणकेचे आंकडे ज्वारीच्या बरोबरीचेच आहेत. म्हणून घरच्या जात्यावरची किंवा गिरणीची कणीक ही ज्वारीहून हीन, असें समजण्याचें कारण नाहीं. हानि होते ती भाकरी व पोळी या दोहोंची जागा पांढरा भात, मैद्याचा पाव आणि चहाबरोबरचीं बिस्किटें घेतात तेव्हां. मधुमेह्यानें ज्वारी कितीहि खावी, हा समजहि चुकीचा आहे. तींतहि पिष्टच मुख्य आहे, आणि मोजून खाल्लें तरच तिचा गुण लागतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नुसती ज्वारी हें पुरें अन्न नव्हे. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत पूर्वीं पेलाग्रा नांवाचा रोग आढळे. उन्हांत उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धीस भ्रम होतो. हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेंतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं या रोगाचा संबंध ज्वारींत अधिक प्रमाणांत असलेल्या ल्युसिन या घटकाशीं जोडला. त्या कारणमीमांसेवर पुढें शास्त्रज्ञांत वाद झाला. परंतु ज्यांच्या ताटांत भाकरीसोबत डाळ, दूध व भाजी आहे त्यांस हा रोग सहसा होत नाहीं, याविषयीं दुमत नाहीं. ज्वारींत लायसिन हा प्रथिनाचा घटक तोकडा असतो आणि तूर, हरभरा, मूग यांत तो भरपूर असतो. म्हणून भाकरी व वरण यांची जोडी ही एकमेकांची उणीव भरून काढणारी जोडी आहे. लातूरकडे मार्गशीर्षांतील वेळ अमावास्येस शेतांत जें जेवण होतें, तें याच दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. ज्वारीचे उंडे, ताकांतील आंबील, आणि ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या व बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी. त्या एका दिवशीं धान्य, कडधान्य, पालेभाजी व ताक हीं चारीहि ताटांत असतात. उरलेल्या दिवशीं यांतलें काय गळतें, तें प्रत्येकानें आपल्या घरीं पाहावें.

तें पाहणें किती निकडीचें आहे, हें सरकारी पाहणीवरून कळेल. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ आणि पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ६९ यांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. हा आंकडा केवळ भूमिहीनांचा नव्हे. शेतमालकांचीं घरेंहि त्यांत आलीं. यावर एक उपाय शेतांतूनहि निघूं शकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानें पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्यानें तयार केलेला व २०१८ सालीं प्रसृत झालेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण याच हेतूनें निवडलेला असून त्यांत लोह व जस्त अधिक आहे. दुसरा उपाय चुलीपाशींच आहे : जेवणांत लिंबू किंवा आंवळा असावा, कारण आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळें धान्यांतील लोह अंगीं लागतें, आणि जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेऊं नये, कारण त्यानें तेंच लोह वायां जातें. या उपायास खर्च म्हणावा असा नाहीं.

तेलासंबंधींहि तारतम्य ठेविलें पाहिजे. पामतेलांत घट्ट स्वरूपाचीं संपृक्त मेदाम्लें सुमारें निम्मीं असतात, करडईच्या तेलांत तीं दहांत एक इतकीं अल्प. परंतु करडईच्या नेहमींच्या वाणांच्या तेलांत सुमारें तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असून ओमेगा-३ जातीचें मेदाम्ल जवळ जवळ नसतेंच. तें जवसांत विपुल आहे. करडईच्या तेलाची फोडणी व जोडीस जवसाची चटणी ही जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची. सोयाबीनचें तेल विषारी आहे, असा जो प्रवाद गांवोगांव चालतो, त्यास आधार नाहीं. त्यांत ओमेगा-३ चा थोडा अंशहि असतो. तेल कोणतेंहि असो, तें पुन्हां पुन्हां तापवून तळणें आणि एकंदर प्रमाण वाढविणें, हेंच अधिक घातक होय.

पैशाचें पारडें

आतां खर्चाचा हिशेब करूं. घरांत पांच माणसें धरूं. दर माणशीं रोज ४०० ग्रॅम धान्य लागतें असें धरल्यास वर्षास ७३० किलो होतें. त्यांतील निम्में गहूं-तांदूळ आणि निम्में ज्वारी ठेविल्यास पावणेचार क्विंटल ज्वारी पुरे. माणशीं रोज ५० ग्रॅम डाळ म्हणजे वर्षास ९१ किलो. शंभर किलो तुरीपासून ७२ किलो डाळ निघते असें मानल्यास सव्वा क्विंटलाहून किंचित् अधिक तूर. माणशीं रोज २५ ग्रॅम तेल म्हणजे वर्षास सुमारें ४५ किलो. करडईच्या शंभर किलो बियांतून २६ किलो तेल निघेल असें धरून, अर्धें तेल घरचें करावयाचें तर एक क्विंटलाच्या आंत बी पुरतें. कोरडवाहू मध्यम काळ्या जमिनींत एवढें धान्य, डाळ व तेल यांस किती जमीन लागेल ? ज्वारीस एक एकर व करडईस दहा-बारा गुंठे. तुरीस वेगळी जमीन नकोच. सोयाबीनच्या चार ओळींमागें तुरीच्या दोन ओळी टाकिल्या कीं एक-दीड एकरांत घरची डाळ निघते. करडई सोयाबीन निघाल्यावर त्याच रानांत ओलीवर येते. यास्तव रोख पिकास फारसा धक्का न लावतां हें साधूं शकतें.

परंतु पैशाची तुलना प्रामाणिकपणें केली पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें मालदांडी ज्वारीस क्विंटलमागें ३,७४९ रुपये व हरभऱ्यास ५,६५० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. एकरीं चार क्विंटल ज्वारी धरली तर धान्याचे सुमारें १५,००० रुपये होतात; त्याच रब्बी रानांत पांच क्विंटल हरभरा आला तर २८,२५० रुपये. नुसत्या दाण्याच्या तराजूंत हरभरा उघड जिंकतो. आतां ज्वारीच्या बाजूस कडबा घाला. ज्याच्या दावणीस बैलजोडी, गाय किंवा म्हैस आहे, त्यास उन्हाळ्यांत कडबा विकत घ्यावा लागतो तेव्हां त्याची किंमत कळते. त्याच्या घरीं दोन्ही पारडीं जवळ जवळ येतात. ज्याचे गोठे रिकामे आहेत व मशागत ट्रॅक्टरनें होते, त्यानें हरभरा पेरून शेजाऱ्याकडून खळ्यावरच ज्वारी घ्यावी, हें अधिक किफायतीचें. सर्वांस एकच उपदेश लागू पडत नाहीं. एक गोष्ट मात्र सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. २०२५-२६ सालीं गव्हाची आधारभूत किंमत २,४२५ रुपये होती, म्हणजे ज्वारीहून सव्वातेराशें रुपयांनीं कमी. एके काळीं गरिबाचें म्हणून हिणविलेलें धान्य आज महाग आहे. तें घरीं पिकविणाऱ्यानें त्यास हलकें समजूं नये.

तुरीच्या बाबतींत हिशेब सरळ आहे. २०२५-२६ सालची तुरीची आधारभूत किंमत ८,००० रुपये. त्या दरानें विकलेल्या तुरीची डाळ घरीं पाडिल्यास ती किलोस १११ रुपये व वर भरडाई इतक्यास पडते. तीच तूर आडत, गिरणी, वाहतूक व दुकान असा प्रवास करून परत येते तेव्हां या प्रत्येकाचा वांटा आपणच भरतों, आणि पुष्कळदां विकतांना आधारभूत किंमतहि पदरांत पडत नाहीं. लातूर व उदगीर हीं डाळीच्या गिरण्यांचीं नामांकित गांवें. निलंगा तालुक्यांतील बोरसुरीच्या तूरडाळीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. ज्या मुलखांत ही डाळ निपजते, तेथील शेतकऱ्यानें वर्षाची दीड क्विंटल तूर बाजूस काढूनच उरलेली तूर गाडींत भरावी. अख्ख्या तुरीस भुंगेरा लवकर लागतो. यास्तव ती उन्हांत कडक वाळवून उन्हाळ्यांतच डाळ पाडून ठेवणें श्रेयस्कर.

करडईच्या तेलाचा हिशेब इतका गोड नाहीं. २०२५-२६ सालच्या ५,९४० रुपये या आधारभूत दरानें बी धरलें तर किलोभर तेलास सव्वादोनशें रुपयांहून अधिक किमतीचें बी लागतें. पेंड जनावरांस मिळते ती वजा केली तरी हें तेल बाजारच्या सोयाबीन तेलाहून महाग पडतें. म्हणून वर आम्हीं निम्मेंच तेल घरचें धरलें. घाण्याचें तेल आणून तें पूर्वींच्याच सढळ हातानें वापरलें, तर पैसा व प्रकृति दोन्हींचें नुकसान होईल.

आतां ज्या पिकावर आपला सारा भर आहे, त्याच्याविषयीं. सोयाबीन पिकविणाऱ्या घरांत तें सहसा शिजत नाहीं. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारें ३६० ग्रॅम प्रथिनें असतात. २०२५-२६ सालच्या ५,३२८ रुपये क्विंटल या दरानें एका रुपयांत पावणेसात ग्रॅम प्रथिनें पडतात. तूरडाळींत एका रुपयांत दोन ग्रॅमहि नाहींत. कच्चें सोयाबीन मात्र खाऊं नये. त्यांतील एका द्रव्यामुळें प्रथिनें पचत नाहींत, आणि तें द्रव्य उष्णतेनें नष्ट होतें. यास्तव दाणे स्वच्छ करून उकळत्या पाण्यांत वीस-पंचवीस मिनिटें शिजवावे, कडक वाळवावे आणि दहा किलो गव्हांत एक किलो या प्रमाणांत दळावे. चवींत फरक जाणवत नाहीं. मात्र पेरणीसाठीं औषध चोळलेलें बी कधींहि दळणांत जाऊं देऊं नये.

न्यायाचें पारडें

अन्नाचा न्याय म्हणजे केवळ शाकाहार कीं मांसाहार एवढाच प्रश्न नव्हे. तो ज्याच्या त्याच्या कुळाचाराचा व मनोदेवतेचा विषय आहे. मांस खाणारानें जनावर हालांत ठेवूं नये, आणि न खाणारानें खाणाऱ्यास हीन लेखूं नये, एवढें येथें पुरे. शेतमालकापुढें न्यायाचे याहून जवळचे चार प्रश्न आहेत.

पहिला पाण्याचा. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोंचली. पुढें पन्नास डब्यांची एक गाडी एका खेपेस सुमारें २५ लाख लिटर पाणी आणीत असे. एक एकर उसास हंगामभर सुमारें दोन मीटर खोलीचें पाणी लागतें, म्हणजे ८० लाख लिटर. त्यांतून वर्षाच्या पावसाचे पाऊणशें ते ऐंशी सेंटिमीटर वजा केले, तरी मोटेविना व पाटाविना न मिळणारें असें सुमारें ४८ लाख लिटर पाणी उरतें. पन्नास डब्यांच्या दोन गाड्या एका एकरांत जिरल्या, असा याचा अर्थ. ठिबक सिंचनानें यांत बरीच बचत होते, आणि ज्यांच्याकडे धरणाचें हक्काचें पाणी आहे त्यांचा ऊंस हा कांहीं गुन्हा नव्हे. परंतु ज्याची विहीर व विंधनविहीर शेजाऱ्याच्याच झऱ्यावर जगते, त्यानें हा आंकडा लागवडीपूर्वीं मनांत आणावा. घरांत साखर कमी केल्यानें मांजरा धरण भरत नाहीं. साखर कमी करावी ती प्रकृतीसाठीं, आणि पाण्यासाठीं उसाचें क्षेत्र बेतानें ठेवावें. या दोन गोष्टींची गल्लत करून मनाचें समाधान करून घेऊं नये.

दुसरा प्रश्न घरांतील पंगतीचा. वरण थोडें असलें कीं तें प्रथम पुरुषांस, मग मुलांस, आणि पातेलें खरवडून घरधनिणीस मिळतें. वर दिलेल्या शेंकडा ५४ या आंकड्याचें एक मूळ येथें आहे. सर्व दूध संकलन केंद्रावर घालून मुलांस चहा पाजणें, हाहि त्याच जातीचा व्यवहार होय. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरांत श्रीमंत, गरीब, यात्रेकरू व गांवकरी एका पंगतींत बसून एकच अन्न जेवतात. तो दंडक प्रत्येकानें आपल्या स्वयंपाकघरांत आणावा : जें वाढावयाचें तें सर्वांस सारखें, आणि एकाच वेळीं.

तिसरा मजुराचा. पूर्वीं खळ्यावर मजुरीचा कांहीं भाग धान्यांत दिला जाई, आणि बलुतेदारहि आपला वांटा नेत. रोख मजुरी आली हें योग्यच झालें. परंतु ज्वारी व तूर शेतांतून गेलीं तशीं तीं मजुराच्या चुलींतूनहि गेलीं. त्यास आतां शिध्याचा गहूं-तांदूळ आणि दुकानाची डाळ यांवरच भागवावें लागतें. ज्याच्या घरीं सालगडी आहे, त्यानें ठरल्या पैशांस हात न लावतां वर्षाची डाळ खळ्यावरील भावानें त्यास घेऊं द्यावी. यांत मालकाचें नुकसान नाहीं, मजुराचा फायदा मात्र मोठा आहे.

चौथा विकत घेणाऱ्याचा. घरासाठीं भाजीचा एक वाफा बिनफवारणीचा राखणारे शेतकरी पुष्कळ आहेत. तें करण्यांत दोष नाहीं; पण त्याच शेतांतील बाजारचा माल तोडणीच्या आदल्या दिवशीं फवारला जात असेल, तर दोष आहे. औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीवर फवारणी व तोडणी यांमध्यें किती दिवस जावे लागतात, तें छापलेलें असतें. तेवढे दिवस पाळण्यास पैसा लागत नाहीं. तोडा दोन-चार दिवस पुढें ढकलावा लागतो एवढेंच. जो माल आपल्या नातवाच्या ताटांत वाढावयास हात धजत नाहीं, तो दुसऱ्याच्या नातवासाठीं आडतीवर घालूं नये.

निवाडा

तीन पारडीं पाहिलीं. तीं नेहमीं एकाच बाजूस झुकत नाहींत. तुरीच्या बाबतींत पैसा, प्रकृति व न्याय तिन्ही एक बोलतात. म्हणून घरची तूर घरींच ठेवणें, यांत शंकेस जागा नाहीं. ज्वारीच्या बाबतींत प्रकृति तिच्या बाजूनें, पाणी तिच्या बाजूनें, पण दाण्याचा पैसा विरुद्ध. तेथें गोठ्याकडे पाहून निकाल द्यावा. करडईच्या तेलांत गुण आहे, पण तें स्वस्त नाहीं. तेथें अर्ध्यावर तडजोड करावी. सोयाबीन विकावयाचें पीक खरें, तरी त्याचा दहावा भाग दळणांत मिसळणें हें स्वस्तांत स्वस्त पोषण आहे. आणि साखर, मैदा व तळण यांच्या बाजूनें जिभेवांचून दुसरी कोणतीहि साक्ष मिळत नाहीं.

एकट्यानें ज्वारी पेरली तर पाखरें ती राखूं देणार नाहींत, हा आक्षेप खरा आहे. त्यास उपाय असा कीं एका शिवारांतील आठ-दहा शेतकऱ्यांनीं ठरवून लागून लागून एकेक एकर पेरावी. पाखरांचें नुकसान विभागलें जातें, राखण वांटून घेतां येते, आणि काढणीस एकमेकांच्या घरचे हात मिळतात. करडईचा घाणा व डाळीची चक्की हीं गांवीं एकेक असलीं तरी पुरे. असें काम सभासदांनीं मिळून उभें करणें अवघड नाहीं. पुढील हंगामाचें बियाणें आणण्यास निघण्यापूर्वीं प्रत्येक शेतकऱ्यानें एका कागदावर आपल्या घरचीं माणसें, दावणीचीं जनावरें आणि वर्षास लागणारें धान्य, डाळ व तेल मांडावें, आणि तो कागद घरांतील स्त्रियांस दाखवूनच पेरणीचा बेत पक्का करावा. ताटाचा खरा हिशेब त्यांस ठाऊक असतो. पेरणीच्या वेळीं तो त्यांस कोणी विचारीत नाहीं, एवढेंच.